वाचकांचे प्रश्न : गावचे वनउद्यान आणि त्यातल्या पायवाटा

गावालगतच्या जंगलात, टेकडीवर किंवा जुन्या तलावाच्या काठी सर्वांना फिरता येईल असे वनउद्यान करण्याविषयी मागील अंकात आम्ही वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत प्रवेशद्वार, कमान, पुतळे आणि खेळणी यांची विचारणा पुष्कळ होती. वाट, पाणी, सावली आणि शौचालय यांची विचारणा मात्र मोजक्या पत्रांतच होती. आम्ही ती मोजकी पत्रे आधी घेतली आहेत, कारण उद्यानात पाहुणा एकदा येतो आणि गावकरी रोज येतो, आणि रोज येणाऱ्याला कमानीपेक्षा वाटेची व पाण्याची गरज जास्त असते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावाला जुना मालगुजारी तलाव (पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेला गावतलाव) आहे आणि त्याला लागून टेकडी आहे. दोन्ही मिळून वनउद्यान करायचे ग्रामसभेने ठरवले आहे. तलावाच्या पारीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, टेकडीच्या माथ्यापर्यंत सुमारे तीन किलोमीटरची वाट करायची आहे. कंत्राटदाराने पेव्हर ब्लॉक आणि माथ्यापर्यंत सरळ पायऱ्या सुचवल्या आहेत. सुरुवात कशापासून करावी?
– ग्रामपंचायत सदस्य, लाखनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : सुरुवात पावसात टेकडी चढून पाहण्यापासून करावी. अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी, पाऊस जोरात कोसळत असताना दोन-तीन जाणत्या माणसांनी छत्री घेऊन टेकडीवर जावे आणि पाणी कुठून उतरते, कुठे साचते व कुठे माती कापते, हे डोळ्यांनी पाहून त्या जागी खुणेचे दगड ठेवावेत. हा एक दिवस वाचवला तर पुढची दहा वर्षे दुरुस्ती करत बसावे लागते, हे मी अनुभवाने लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी तुमच्याच भागातल्या एका गावात आम्ही टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत नाकासमोर सरळ वाट काढली होती. मुरूम चांगला होता, दाबलाही चांगला होता, आणि उन्हाळ्यात ती वाट देखणी दिसत होती. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात तिच्या मधोमध बोटभर रुंदीची एक घळ पडली. पोळ्यापर्यंत त्या घळीत गुडघा मावू लागला आणि सगळा मुरूम खाली तलावाच्या तोंडाशी जाऊन बसला. त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला ढोरक्यांची जुनी ढोरवाट होती. तिच्यावर कुणी रुपया खर्च केलेला नव्हता आणि ती जशीच्या तशी होती. दोन्ही वाटांवरून मी एकाच दिवशी चाललो तेव्हा कारण समजले. जनावर उतारावर सरळ चढत नाही, ते टेकडीच्या कुशीने तिरपे जाते. सरळ वाट म्हणजे पाण्याला माथ्यापासून पायथ्यापर्यंत मिळालेला सर्वांत जवळचा रस्ता, आणि तिरपी वाट म्हणजे पाण्याला आडवे ओलांडून जावे लागणारी एक पट्टी. पहिल्या वाटेवर पाणी धावते आणि धावता धावता माती उचलते. दुसरीवर ते एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते.

यावरून धरायचे दोन नियम आहेत. टेकडीचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नसावा, आणि एकूण वाटेचा सरासरी चढ दर दहा मीटरला एक मीटरच्या आत राहावा. हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. पाणलोटाच्या कामांत वापरतात ती ए-आकाराची चौकट गावातच बनते. सारख्या लांबीच्या दोन बांबूंची टोके वर एकत्र बांधायची, मध्यावर आडवी काठी बांधायची आणि शेंड्यापासून दोरीला दगड लोंबकळता सोडायचा. सपाट जागेवर चौकट उभी करून, मग तिचे पाय अदलाबदल करून, दोरी आडव्या काठीवर जिथे येते त्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये सपाटीची खूण मिळते. दोन्ही पायांमधले अंतर दीड मीटर असेल आणि उताराकडच्या पायाला 12 सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा बांधला, तर दोरी मध्यखुणेवर येईल त्या रेषेत तुमची वाट शंभर मीटरला आठ मीटर चढेल. आठवी-नववीतली मुले हे काम अर्ध्या दिवसात शिकतात आणि मोठ्यांपेक्षा चोख करतात.

वाटेची रुंदी सव्वा मीटर पुरते. वाट मधोमध खोलगट न ठेवता तिला बाहेरच्या, म्हणजे उताराच्या बाजूला मीटरमागे सुमारे पाच सेंटीमीटरचा ढाळ द्यावा, म्हणजे पाणी वाटेवर रेंगाळत नाही. जिथे चढ थोडा अधिक घ्यावाच लागतो तिथे दर पंधरा-वीस मीटरवर वाटेला तिरपी अशी दगडांची ओळ जमिनीत दोन तृतीयांश गाडून बसवावी. ती ओळ पाण्याला वाटेबाहेर वळवते. जिथे जमीन काळी आहे तिथे वरचा वीतभर थर काढून मुरूम भरावा व दाबावा, कारण काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्यावर टाकलेले काहीही जागेवर राहत नाही. पेव्हर ब्लॉक नको म्हणण्याचे हेही एक कारण आहे. दुसरे कारण असे की मे महिन्यात ते तव्यासारखे तापतात आणि श्रावणात त्यांच्यावर शेवाळ धरते. पायऱ्या फक्त उघड्या खडकाच्या टप्प्यावर, त्याही तिथल्याच दगडांच्या कराव्यात.

तलावाच्या पारीविषयी मात्र वेगळी काळजी घ्यायला हवी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतले असे तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी बांधले, आणि मातीची ती पार आजही पाणी धरून आहे ती तिच्या घट्ट भरावामुळे. म्हणून पारीवर बाकांसाठी, दिव्याच्या खांबांसाठी किंवा झाडांसाठी एकही खड्डा खणू नये. पारीवर आधीपासून उभी असलेली झाडे तोडू नयेत, पण नवी लावूही नयेत, कारण मेलेल्या मुळाच्या पोकळीतून पाणी वाट काढते आणि मग ती पोकळी वाढत जाते. सांडव्याच्या तोंडावर पूल करायचाच असेल तर तो सांडव्याच्या पूर्ण रुंदीचा करावा. मध्ये पाइप टाकून वर भराव केला तर पुराच्या रात्री पाणी पारीवरून जाईल. बाक आणि सावली पारीच्या पायथ्याशी, जुन्या झाडांखाली ठेवा.

राहिली देखभाल. दरवर्षी मृगापूर्वी एक दिवस आणि पोळ्यानंतर एक दिवस, दगडांच्या ओळींमागे साचलेला गाळ आणि पाला काढण्याचे श्रमदान ठरवून टाका. एवढेच काम नियमाने झाले तर बाकीचे फारसे काही करावे लागत नाही.

प्रश्न : आमच्या गावाच्या शिवारात वाघाचा वावर आहे. तरुण मंडळ म्हणते की वाघ आहे म्हणूनच पायवाट करावी, लोक पाहायला येतील. वडीलधारे म्हणतात, नको. काय करावे?
– एक वाचक, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : या प्रश्नात मी वडीलधाऱ्यांच्या बाजूचा आहे. वाघ पाहण्यासाठी पायी चालण्याची वाट कोणत्याही गावाने करू नये. वाघाचा नियमित वावर असलेल्या जंगलात वनविभागाशी बोलल्याशिवाय आणि त्यांनी जागा पाहिल्याशिवाय नवी वाट उघडू नये. जंगलात मोहफुले, सरपण किंवा तेंदूपाने गोळा करताना वाकलेल्या अथवा बसलेल्या माणसावर हल्ला होण्याचा धोका अधिक असतो, हे तुमच्या तालुक्यातल्या लोकांना मी सांगायला नको. ज्या घरांतल्या माणसांवर असे हल्ले झाले, त्या घरांच्या दारातून पर्यटकांची रांग नेण्यात औचित्य नाही, असेही मला वाटते.

मात्र गावाच्या जवळ, उघड्या जागी, तलावाच्या कडेने एक छोटी फेरी करता येण्यासारखी असते, आणि तिच्या सुरक्षेची जी पद्धत मी येथे सांगतो ती वाघ नसलेल्या गावांनीही वापरावी. आमच्याकडे वाघ नाही असे विदर्भात आता कुणालाच छातीठोकपणे म्हणता येत नाही. टिपेश्वर अभयारण्यातला गळपट्टा (रेडिओ कॉलर) लावलेला एक तरुण वाघ 2019 मध्ये निघाला आणि शेते, नाले, रस्ते ओलांडत 1,300 किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेतल्या कितीतरी गावांना तो शिवारातून गेल्याचा पत्ताही लागला नसेल.

वाटेच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी प्रत्येकी पाच-सहा मीटर लांबीची बारीक, चाळलेल्या मातीची पट्टी ठेवावी. संध्याकाळी वाट बंद करताना ती पट्टी झाडूने साफ करावी आणि सकाळी वाट उघडण्यापूर्वी तिथे नेमलेल्या माणसाने ती वाचावी. वनरक्षक पाऊलखुणा घेण्यासाठी हीच युक्ती वापरतात. कोल्हा, सायाळ, रानडुक्कर, मोर यांच्या खुणा कुणालाही आठवडाभरात ओळखता येतात. अस्वलाच्या पावलापुढे लांब नखांच्या रेघा उमटतात, तर वाघ-बिबट्याच्या पावलात नखे दिसत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. मोठ्या मार्जाराची ताजी खूण दिसली की त्या दिवशी वाट बंद, आणि ही गोष्ट सरपंचाच्या मर्जीवर न सोडता ग्रामसभेच्या नियमात लिहून ठेवावी. जवळपास जनावर मारलेले आढळले तर वनविभाग सांगेपर्यंत वाट उघडू नये. वनविभागाचा 1926 हा मदत क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक फाटकावर ठळक अक्षरांत रंगवावा.

सूर्य चांगला वर आल्यावर वाट उघडावी आणि सूर्यास्तापूर्वी तासभर आधी बंद करावी. वळणांवर दोन्ही बाजूंची झुडपे एवढी छाटावीत की पंधरा-वीस पावले पुढचे दिसेल. एकट्याने कुणी जाऊ नये, गावचा माहीतगार सोबत असावा आणि मुलांना मध्ये ठेवावे. आग्या मोहोळाखालून वाट नेऊ नये, आणि पोळे नंतर बसले तर ते उठेपर्यंत तेवढा टप्पा बंद ठेवावा. धूर आणि तीव्र अत्तर या दोन्हींनी आग्या माश्या उठतात. साप चावल्यास दंश कापणे, बांधणे, चोखणे यात वेळ न घालवता माणसाला न चालवता, हालचाल कमीत कमी ठेवून दवाखान्यात न्यावे.

प्रश्न : उद्यानासाठी ठरवलेल्या जागेचा काही भाग सातबारावर "झुडपी जंगल" आहे आणि काही भागावर गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. तेथे सभागृह, उपाहारगृह आणि शौचालय बांधता येईल का?
– ग्रामसभेचे सचिव, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : दोन्ही भागांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. झुडपी जंगल ही नोंद पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपुरती आहे. ही जमीन महसुली आहे की वनजमीन, हा वाद अनेक वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात अशा जमिनी आपल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार वनजमीनच आहेत असे सांगितले. त्या तारखेपूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागांना निकालात वेगळी वागणूक आहे, परंतु आज नव्याने बांधकाम करायचे असेल तर 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता घ्यावी लागेल. म्हणून त्या तुकड्यावर पक्के काहीही बांधण्याचा विचार आत्ता सोडून द्यावा. तलाठ्याकडून उतारा घेताना गावचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जही अवश्य मागून घ्यावे. गुरे चारणे, सरपण, वाट-वहिवाट यांविषयी गावाचे जुने हक्क त्यांत लिहिलेले असतात, आणि जुनी पांदण त्यात निघाली तर तुमची पायवाट नव्याने पाडण्याची गरजच उरत नाही.

सामूहिक वनहक्काच्या भागात तुमची बाजू भक्कम आहे. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(1)(झ) ने जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे, आणि नियमांनुसार नेमलेल्या तुमच्या समितीने जो व्यवस्थापन आराखडा करायचा असतो त्यातच पायवाटा, त्यांची देखभाल आणि बंद ठेवायचे काळ लिहून घ्यावेत. बांधकामासाठी मात्र त्याच कायद्याचे कलम 3(2) नीट वाचा. त्यात ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमिनीवर करता येण्यासारख्या 13 सार्वजनिक सुविधा दिल्या आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, तलाव, रस्ता, सामाजिक सभागृह या त्यात येतात. प्रत्येकीसाठी जागा एक हेक्टरहून कमी असावी आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत, अशी अट आहे. त्या यादीत उपाहारगृह नाही आणि शौचालयही नाही. ते दोन्ही, आणि वाहनतळसुद्धा, गावठाणाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेवर, उद्यानाच्या तोंडाशी करावेत. कायद्यासाठी तसे करावे लागेलच, पण त्यात गावाचाही फायदा आहे, कारण चहाची टपरी आणि जेवणघर गावात राहिले तर पाहुण्याचा पैसा गावात राहतो आणि जंगलात उष्टे जात नाही.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) तुमच्यापासून दूर नाही. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी गावातल्या अभ्यास गटात त्यावर बोलायचे आणि ग्रामसभेत सर्वांची सहमती होईपर्यंत थांबायचे, ही तिथली रीत आहे. उद्यानाच्या बाबतीत ही रीत फार उपयोगी पडेल, कारण वाट कुठून न्यायची यापेक्षा कुठून न्यायची नाही हे ठरवणे अवघड असते. पेनठाण्याजवळून (गोंडांच्या देवस्थानाजवळून), स्मशानाजवळून, बायकांच्या सरपणाच्या जागेवरून वाट जाऊ नये, हे नकाशावर कुणालाच दिसत नाही. ज्यांना माहीत आहे ते बहुधा सभेत मागे बसलेले असतात.

प्रश्न : आमच्या गावच्या उद्यानात वर्षभरापूर्वी शौचालय बांधले, पण त्यात पाणी नाही आणि ते कुलूपबंद असते. माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला फिरायला नेले तर अर्ध्यातून परत यावे लागते. बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी उद्यानात यायचेच नाही का?
– एक वाचक भगिनी, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुमचे पत्र ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे असे आहे. कुलूपबंद शौचालयापेक्षा ते नसलेले बरे, कारण त्याच्या भरवशावर माणूस घरून निघतो.

शौचालयाला कुलूप लागते ते बहुतेक वेळा पाणी नसल्यामुळे आणि झाडण्याची जबाबदारी कुणाची हे ठरलेले नसल्यामुळे. बांधकाम आहेच, तर ग्रामसभेकडे दोनच गोष्टी मागा. एक, छतावर टाकी आणि तिच्यात रोज पाणी चढवण्याची सोय. हातपंपाजवळ शौचालय असेल तर बादलीचेही चालते, पण ते कुणीतरी भरायला हवे. दोन, महिन्याच्या मानधनावर एक माणूस, आणि हे मानधन उद्यानाच्या खर्चात सर्वांत वर लिहिलेले. नवे बांधणाऱ्या गावांनी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय करावे. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, आणि पहिल्यातला मैला दीड-दोन वर्षांत कोरडे खत होतो. खड्डे विहिरीपासून आणि हातपंपापासून किमान पंधरा मीटर दूर, तलावाच्या उताराकडे नसलेल्या बाजूला असावेत. बायकांच्या बाजूला आतून लागणारी कडी, वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि पिशवी टांगायला खुंटी हवी. या तीन वस्तूंना खर्च किती येतो, आणि तरी त्या किती ठिकाणी नसतात, हे पाहून वाईट वाटते.

आता आईंसाठी. उद्यानात तीन किलोमीटरची वाट असो वा नसो, तोंडाशी तीनशे-चारशे मीटरची एक सपाट फेरी असायलाच हवी. तिची रुंदी दीड मीटर असावी म्हणजे हाताला धरून दोघींना शेजारी चालता येते आणि चाकाची खुर्चीही जाते. जिथे चढ येतो तिथे बारा मीटरला एक मीटरहून तो जास्त नसावा, आणि फाटकातून 90 सेंटीमीटरची मोकळी जागा असावी. दर तीस-चाळीस मीटरवर बाक हवा. बाक जमिनीपासून 45 सेंटीमीटर उंच, पाठ टेकायला आणि हात टेकायला आधार असलेला असावा. बसण्यापेक्षा उठणे कठीण जाते, आणि हाताला आधार मिळाला तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. सिमेंटचे बिनापाठीचे ओटे, जे सगळीकडे दिसतात, ते तरुणांना गप्पा मारायला ठीक आहेत. बाक कडुनिंबाच्या, चिंचेच्या सावलीत ठेवावा, आणि सावली दुपारनंतर कुठे पडते ते आधी पाहून ठेवावा. उन्हाळ्यात फाटकाशी झाकणाचा रांजण आणि त्याला लांब दांड्याचा ओगराळा, एवढे असले तर बाटलीबंद पाण्याची गरज राहत नाही.

प्रश्न : उद्यानात रात्री लोकांना फिरता यावे म्हणून उंच खांबावरचे हायमास्ट दिवे लावण्याचा प्रस्ताव आहे. आपले मत कळवावे.
– एक वाचक, रामटेक तालुका, जि. नागपूर

उत्तर : लावू नयेत. तुमच्या शेजारच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे तिथला काळोख जपण्यासारखा आहे असे बाहेरच्या जगाने मान्य केले. तुमच्या गावाचे आभाळही तेच आहे. शौचालयाशी आणि फाटकाशी खाली तोंड केलेला, पिवळसर प्रकाशाचा एकेक दिवा पुरे. उरलेल्या पैशांत दोन बाक आणि पाण्याची टाकी होईल.

प्रश्न : शाळेच्या मुलांकडून उद्यानात हजार झाडे लावायची आहेत. रोपवाटिकेत गुलमोहर, निलगिरी आणि सुबाभूळ मिळते. शिवाय वाटेच्या कडेला रायमुनिया फार माजली आहे, ती तोडावी का?
– शिक्षक, मोताळा तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : गुरुजी, हजारांचा आकडा सोडा आणि शंभर झाडे तीन उन्हाळे जगवण्याचा संकल्प करा. तुमचा भाग कमी पावसाचा आहे, म्हणून सालई, धावडा, खैर, पळस, हिवर, बेल, बोर, चारोळी यांचे बी गावच्या जंगलातूनच मुलांकडून गोळा करून घ्या व शाळेतच रोपे करा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेची. त्यांतली सुबाभूळ तर बी टाकून सगळीकडे पसरते आणि मग आवरत नाही. जिथे जुन्या खोडांना फुटवे येत आहेत तिथे नवे रोप लावूच नका, फुटव्याभोवती काटे लावून गुरांपासून राखा. रुजलेल्या मुळावरचा फुटवा रोपाच्या कितीतरी पट वेगाने वाढतो.

रायमुनिया, म्हणजे घाणेरी, वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. पाऊस पडून जमीन मऊ झाली की मुळाच्या गड्ड्याखाली कुदळीने तोडून ती उलटी करून ठेवावी, म्हणजे मुळे उन्हात सुकतात. हे काम फळे काळी पडण्यापूर्वी करावे, कारण पक्षी बी पसरवतात. एकाच वर्षात सगळी काढू नका. वाटेच्या कडेपासून सुरुवात करून दरवर्षी एक पट्टा घ्या आणि मोकळ्या झालेल्या जागी गावचे गवत येऊ द्या, नाहीतर तिथे रानतुळस माजते.

झाडांच्या नावाच्या पाट्या खिळ्यांनी खोडावर ठोकू नयेत. झाडाच्या बुंध्याशी फरशीचा तुकडा रोवून त्यावर ऑइल पेंटने नाव लिहावे, आणि ते गावात म्हणतात तेच लिहावे. चंद्रपूरकडच्या मुलाला ऐन म्हटल्यावर झाड आठवत नाही, येन म्हटले की मगरीच्या पाठीसारखी साल लगेच आठवते. तुमच्या भागातल्या आजी-आजोबांकडून ही नावे मुलांनी विचारून आणली तर पाट्या लिहिण्याचे कामच वर्षभराचा अभ्यास होईल.

प्रश्न : आमच्या उद्यानाची वाट मोहाच्या झाडांखालून जाते. मार्च-एप्रिलमध्ये वेचणारे पाला जाळतात आणि आग पसरते, शिवाय फिरायला येणारे लोक पडलेली फुले तुडवतात म्हणून भांडणे होतात. वेचणाऱ्यांना बंदी करावी का?
– उद्यान समितीचे सदस्य, देवरी तालुका, जि. गोंदिया

उत्तर : बंदी वेचणाऱ्यांना करू नये. मोहफूल हे त्या घरांचे वर्षाचे मीठ-मिरचीचे उत्पन्न आहे आणि झाडाखालची ती जागा तुमची वाट पडण्यापूर्वीपासून त्यांची आहे.

आगीचे कारण साधे आहे. मोहाचे फूल पहाटे पडते आणि वाळलेल्या पाल्यात दिसत नाही, म्हणून झाडाखालची जागा जाळून मोकळी करतात. तीच जागा झाडून मोकळी झाली तर जाळण्याचे कारण उरत नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम असतो, तेव्हा तो सुरू होण्यापूर्वी समितीने वेचणाऱ्या कुटुंबांसोबत एकेका झाडाखालचा पाला झाडून घ्यावा, आणि शक्य असेल तिथे जुन्या साड्या किंवा शेडनेट झाडाखाली बांधावे. जाळीवर पडलेले फूल स्वच्छ राहते आणि त्याला भावही बरा येतो. याच काळात वाट दर आठवड्याला तिच्या पूर्ण रुंदीत आणि दोन्ही बाजूंना मीटरभर झाडत राहिलात तर ती वाटच जाळरेषेचे काम करते. एका बाजूची आग जमिनीवरून सरकत आली तर तिला दुसऱ्या बाजूला जायला पाला मिळत नाही. झाडलेला पाला वाटेच्या कडेला ढीग करून ठेवू नये, खड्ड्यात टाकून कुजवावा.

तुडवण्याच्या भांडणावर उपाय असा की फुले पडण्याच्या तीन-चार आठवड्यांत मोहाखालचा टप्पा सकाळी दहापर्यंत फिरणाऱ्यांसाठी बंद ठेवावा. तोवर वेचणे आटोपलेले असते. फाटकावर एक दोरी आणि "वेचणी सुरू आहे" अशी पाटी, एवढे पुरते. दोरी सोडण्याचा अधिकार त्या झाडांखाली वेचणाऱ्या बायकांकडेच द्यावा. शेवटची टोपली भरली की त्या सोडतील.